आठ वॅटांना साजेसा स्पीकर

चि. ओंकार,



तुझा ३००बी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी आला हे वाचून फार आनंद झाला. आता त्याला बेताच्या किमतीतले टॉवर स्पीकर कुठले घेऊ आणि पुढे त्यांत काय सुधारणा करू, असं तू विचारलं आहेस. माझं सांगणं एवढंच की, निवड अशी कर की सुधारणेची गरजच कमी पडेल.

वेस्टर्न इलेक्ट्रिकने हा व्हॉल्व्ह १९३८ साली काढला. त्या काळी थोड्याशा वॅटांवर अख्खी सिनेमागृहं दणाणत, कारण पुढे मोठाले हॉर्न असत. तुझ्याकडे वाहिनीमागे जेमतेम आठ वॅट आहेत, तेव्हा दुकानात पहिला प्रश्न सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे एका वॅटात किती डेसिबल आवाज निघतो याचा, विचार. तीन डेसिबल वाढले की निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज मिळतो. ९३ डेसिबलचा स्पीकर आठ वॅटांत जेवढा वाजेल, तेवढा ८७चा वाजवायला ३२ वॅट लागतात. बाजारातले सडपातळ टॉवर बहुधा याच ८६-८८च्या घरात असतात. खोल खर्ज, लहान पेटी आणि चढी सेन्सिटिव्हिटी या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, हा हॉफमनचा नियम आहे. तू खोल खर्जावर थोडं पाणी सोड आणि मोठी पेटी घे. आपल्या गाण्याला त्याने काही उणं पडत नाही.

पत्रकावरचा आकडा मात्र पारखून घे. तो बहुतेक वेळा २.८३ व्होल्टला मोजलेला असतो. आठ ओहमला तो एक वॅट होतो, पण चार ओहमला दोन. म्हणून चार ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून तीन वजा कर. क्लिप्शसारखे हॉर्नवाले टॉवर तुझ्या कामाचे आहेत, पण त्यांचा जाहीर आकडा खोलीतल्या भिंतींची मदत धरून दिलेला असतो. त्यातूनही तीन-चार डेसिबल कमीच धर.

दुसरी गोष्ट इम्पीडन्सची. पत्रकावर आठ ओहम लिहिलेला स्पीकर खालच्या सुरांत तीन ओहमपर्यंत उतरू शकतो. फीडबॅक नसलेल्या व्हॉल्व्हला असा चढउतार झेपत नाही. इम्पीडन्स जिथे वर जातो तिथे आवाज फुगतो, खाली येतो तिथे दबतो. म्हणून इम्पीडन्सचा आलेख मागून घे आणि शक्य तितका सपाट असलेला निवड. घरी आणल्यावर आठ आणि चार, दोन्ही ओहमच्या टॅपवर ऐकून बघ. वायर बदलताना अ‍ॅम्प्लिफायर बंद कर, आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नकोस. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

ऐकायला जाशील तेव्हा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जा, जड असला तरी. किशोरीताई आमोणकरांचा एखादा विलंबित ख्याल लाव आणि आवाज हळू ठेव. तानपुऱ्याची जवारी सलग ऐकू येते का? तबल्याच्या डग्ग्याची मींड एका जागेवरून निघून दुसरीकडे सरकल्यासारखी तर वाटत नाही ना? मग पेटीच्या कडेला बोटाच्या पेरांनी टकटक कर. ठोस, मेलेला आवाज आला तर चांगलं. पोकळ ढबढब आली तर तीच ढबढब प्रत्येक गाण्यात मिसळणार. जुनी जोडी घेत असशील तर जाळी काढून वूफरच्या कडेच्या फोमवर हलकेच बोट फिरव. आपल्या दमट हवेत तो भुसभुशीत होतो.

आता सुधारणा. पहिली सुधारणा फुकट आहे. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आण, मग वीतभर मागेपुढे सरकवत खर्ज जुळव. टाइल्सच्या फरशीवर सतरंजी अंथर आणि मागच्या उघड्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लाव. एवढ्याने जे बदलेल ते महागड्या वायरने बदलणार नाही. यानंतरही वरचे सूर खरखरीत वाटले, तरच स्पीकरच्या आतल्या क्रॉसओव्हरकडे वळ. जुन्या जोडीत त्यातले वीस-तीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उतरलेले असतात. त्यांच्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि निदान तेवढ्याच व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचे घाल. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी कर. ट्वीटर त्याने किंचित चढतो, तो बारीक रेझिस्टरने खाली आणता येतो. मात्र आधी एकाच स्पीकरमध्ये बदल कर, दोन्हींना मोनो सिग्नल देऊन आलटूनपालटून ऐक, आणि फरक खरोखर आवडला तरच दुसरा उघड. अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण मात्र स्वतः उघडू नकोस. आत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ टिकून राहतात.

घाई करू नकोस. हाताशी असलेल्या पैशांतला मोठा वाटा स्पीकरच्या जोडीवर घाल, थोडे सतरंजीसाठी ठेव आणि कपॅसिटरचा विचार निदान एक पावसाळा लांबणीवर टाक. तोवर तुझ्या कानांना त्या जोडीचं खरं रूप कळलेलं असेल, आणि कुठे हात घालायचा हे कुणाला विचारावं लागणार नाही.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा