आधी मोजा, मग बॅटरी बदला

सोलर मंद पडलं की आपल्याकडे पहिला ठपका बॅटरीवर येतो. "बॅटरी गेली" असं मिस्त्री सहज सांगून जातो, आपणही ते सहज मानतो आणि पंधरा हजारांच्या घरात रक्कम मोजून नवी बॅटरी आणतो. बालाघाटात मोटर, इन्व्हर्टर आणि सोलर दुरुस्तीचं काम करताना मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे की, बॅटरी मेलेली असते हे खरं, पण तिला मारणारा दोष दुसरीकडेच असतो. कधी तो तारेत असतो, कधी जोडात, कधी झाडाच्या सावलीत. तो दोष जागेवर राहिला की नवी बॅटरीही त्याच वाटेनं जाते.

आपल्या जिल्ह्यात हा विषय हौसेचा नाही. वारासिवनी, कटंगी, लांजीचा धानपट्टा सोडून गांगुलपाऱ्याचा घाट चढला की बैहर, परसवाडा, बिरसा हा सालाच्या जंगलाचा मुलूख लागतो. घरं विखुरलेली, टोले एकमेकांपासून लांब, शेतावरची वस्ती तर खांबांच्या रांगेपासून आणखी आत. अशा घरांसाठी सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत २०० ते ३०० वॅटचा सोलर संच ठरवला होता: पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन अभियान आलं. त्यातही विजेची तार न पोचलेल्या आदिम जमातींच्या घरांना असे स्वतंत्र संच द्यायची तरतूद आहे, आणि आपल्या बैगा वस्त्या त्यात येतात. ज्या घरात दुसरी वीजच नाही, तिथं हा संच बंद पडला की मुलांचा अभ्यास थांबतो आणि साप-विंचवाच्या दिवसांत माणसं अंधारात वावरतात. म्हणून हे सगळं सविस्तर सांगावंसं वाटतं.

बैहरकडे माझ्या मावसभावाचं शेतावर घर आहे. १५० वॅटच्या दोन प्लेटा समांतर जोडलेल्या, १५० ॲम्पिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, दिवे, पंखा आणि छोटा टीव्ही. पहिली बॅटरी दोन वर्षांत बसली. लावणाऱ्यानं दुसरी दिली, तीही त्याहून लवकर बसायला लागली. आता तिसरीचा भाव सांगितला होता. दादा म्हणाला, "प्लेटा चांगल्या आहेत. मिस्त्रीनं माझ्यासमोर मोजल्या, वीस व्होल्ट दाखवतात."

मी विचारलं, "दादा, तार कंट्रोलरला जोडलेली असताना मोजलं की काढून?"

"काढून."

सगळी गोम इथं होती. घरावर आंब्याची सावली, म्हणून प्लेटा गोठ्याच्या छपरावर बसवल्या होत्या आणि तिथून घरापर्यंत सुमारे पंधरा मीटर तार ओढली होती. ही तार होती दीडची (दीड चौरस मिलिमीटर), म्हणजे आपण घरात दिव्याच्या बटणाला वापरतो ती. मधे एका ठिकाणी तार कमी पडली म्हणून पीळ देऊन जोडली होती आणि वर टेप गुंडाळला होता. टेप उन्हानं आणि आतल्या उष्णतेनं वितळून चिकट झाला होता. सोलून पाहिलं तर तांबं काळं-हिरवं पडलेलं.

दुपारी बाराच्या उन्हात, सगळं चालू ठेवून मोजलं. प्लेटांपाशी १७.१ व्होल्ट, कंट्रोलरपाशी १२.७. क्लॅम्प मीटरवर धारा १० ॲम्पिअर, जिथं चांगल्या उन्हात पंधराच्या आसपास यायला हवी होती. मधल्या तारेत ४.४ व्होल्ट जिरत होते. १० ॲम्पिअरला ४.४ व्होल्ट म्हणजे ४४ वॅट, रोज भर दुपारी, तार तापवण्यात वाया.

हिशेब सोपा आहे. तांब्याच्या दीडच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. पंधरा मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन तीस मीटर तार, तिचा रोध ०.३६ ओहम. त्यातून १० ॲम्पिअर वाहिले की ३.६ व्होल्ट तारेत गेले; उरलेले ०.८ त्या पिळाच्या जोडात. तार काढून मोजलं की धारा वाहतच नाही, म्हणून कुठंच काही जिरत नाही आणि मीटर खुशाल वीस दाखवतो. नळाची तोटी बंद असताना चोंदलेल्या पाईपातही दाब पूर्ण भरतो, तोटी उघडल्यावर कळतं की धार करंगळीएवढी आहे, तसंच हे.

शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरायला १४.४ व्होल्टच्या आसपास जावं लागतं. दादाची बॅटरी तिथं कधी पोचतच नव्हती. रोज अर्धवट भरायची, रात्री रिकामी व्हायची. अशा अर्धपोटी बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे बसतात आणि ती कायमची क्षमता गमावते. उन्हाळ्यात तर आणखी वाईट. प्लेट जितकी तापते तितका तिचा व्होल्टेज उतरतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. मे महिन्यात प्लेटेचं अंग साठ अंशांच्या वर जातं. "ऊन एवढं आणि चार्जिंग कमी कसं?" हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकू येतो, त्याचं उत्तर हे आहे: तापलेल्या प्लेटेकडे मुळात व्होल्ट कमी, त्यातले चार तारेनं खाल्ले, बॅटरीला द्यायला उरलं काय?

दहाची वायर टाकली, मधला जोड काढून टाकला, टोकांना लग्ज दाबून बसवले. तीच पंधरा मीटर, पण आता पंधरा ॲम्पिअर वाहतानाही घट पाऊण व्होल्टच्या आसपास. दुसरी बॅटरी नव्यासारखी झाली नाही, पण पूर्ण चार्ज मिळू लागल्यावर तिच्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, चढली आणि रात्रीचा पंखा पुन्हा चालू लागला. तिसरी बॅटरी घ्यावी लागली नाही.

या एका घराचा धडा बहुतेक घरांना लागू आहे. दोष शोधायचा तर प्लेटेपासून दिव्यापर्यंत एकेक टप्पा क्रमानं तपासा.

पहिल्यांदा डोळ्यांनी पाहा. प्लेटेवर धूळ, पाखरांची विष्ठा, सागाचं पान आहे का? प्लेटेतले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरची सावलीही अर्धी प्लेट निकामी करू शकते. सावली पाहायची ती डिसेंबरात. बालाघाट साधारण २२ अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका झुकतो की बारा वाजताही झाडाची सावली झाडाच्या उंचीएवढी लांब पडते. उन्हाळ्यात मोकळी दिसलेली जागा हिवाळ्यात झाकली जाते. प्लेटेचं तोंड दक्षिणेला आणि कल वीस-बावीस अंशांचा असावा.

मग मीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा. दुपारी, स्वच्छ उन्हात, चालू स्थितीत प्लेटेपाशी आणि कंट्रोलरच्या प्लेट-टोकांवर मोजा. दोन आकड्यांत एका व्होल्टच्या वर फरक असेल तर तार बारीक आहे किंवा जोड खराब आहे. बॅटरी दुपारीच पूर्ण भरली असेल तर कंट्रोलर धारा अडवतो आणि घट दिसत नाही. म्हणून आदल्या रात्री बॅटरी वापरलेली असू द्या. पुढे कंट्रोलरच्या बॅटरी-टोकांवर आणि थेट बॅटरीच्या खांबांवर मोजा. इथं फरक नावापुरता हवा. शेवटी दिव्या-पंख्यापाशी, तो चालू असताना. ज्या दोन जागांमध्ये व्होल्ट हरवतात, त्यांच्या मधे दोष आहे.

बॅटरीची परीक्षा वेगळी. चार्जिंग आणि भार दोन्ही बंद करून दोन-तीन तास तिला स्वस्थ ठेवा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. त्याहून खरी साक्ष हायड्रोमीटरची. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरल्यावर ग्रॅव्हिटी १२४० च्या आसपास हवी. सहाही खाने सारखेच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, दोष चार्जिंगमध्ये शोधा. पाच ठीक आणि एकच चाळीस-पन्नासनं मागे असेल, तर त्या खान्याचा बिघाड आहे आणि तेव्हा बॅटरी खरंच गेली असं समजा. पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि तेही चार्ज पूर्ण झाल्यावर. ॲसिड कधीही घालू नका. त्यानं ग्रॅव्हिटी फुगते आणि पट्ट्या खाल्ल्या जातात. जुन्या बॅटरीला नवी जोडून क्षमता वाढवायला जाऊ नका, जुनी नवीला ओढून आपल्या पातळीवर आणते.

आणखी एक गोष्ट मला घरोघरी दिसते. टीव्ही किंवा मिक्सरसाठी इन्व्हर्टर आणला जातो आणि थेट बॅटरीला जोडला जातो. मोठा इन्व्हर्टर कंट्रोलरच्या भार-टोकांवर जोडता येत नाही हे खरं, पण मग बॅटरी खाली गेल्यावर भार तोडायचं कंट्रोलरचं काम त्याला लागू होत नाही. शिवाय रिकामा चालू ठेवलेला इन्व्हर्टर रात्रभर स्वतःच बॅटरी खातो. वापर संपला की तो बटणानं बंद करा.

आता सुरक्षेचं, आणि इथं मी आग्रहानं सांगतो. बारा व्होल्टचा झटका लागत नाही, म्हणून माणसं बेफिकीर असतात. पण बॅटरीचे दोन खांब पान्यानं जुळले तर शेकडो ॲम्पिअर वाहतात, पाना लाल होतो, तार पेटते. बॅटरीच्या प्लस खांबापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. बहुतेक घरांत तो नसतो, आणि गवताच्या किंवा लाकडाच्या छपराखाली हा धोका जिवावरचा आहे. साधा एसी एमसीबी डीसीला लावू नका. एसीची धारा सेकंदाला शंभरदा शून्यावर येते म्हणून ठिणगी विझते. डीसीची येत नाही आणि ठिणगी जळत राहते. डीसीसाठी बनवलेलाच एमसीबी मागून घ्या.

काम करताना हातातलं कडं, अंगठी काढा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ बिडी नको, चूल नको, आणि बॅटरी बंद पेटीत कोंडू नका. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. कंट्रोलर लावताना आधी बॅटरी, मग प्लेट, शेवटी भार. काढताना याच्या उलट. कारण बॅटरी पाहूनच बरेचसे कंट्रोलर बारा की चोवीस हे ठरवतात, आणि आधी प्लेट जोडली तर चूक होऊन ते जळू शकतात. खांबांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका, नट घट्ट करा आणि वर व्हॅसलीन लावा. प्लेटेच्या धातूच्या चौकटीला अर्थिंग द्या. आपल्या भागात वीज पडण्याचं प्रमाण मोठं आहे.

पावसाळ्याची तयारी जूनच्या आधी करा. ढगाळ आठवड्यात प्लेट फार थोडं देते, म्हणून तेव्हा टीव्ही बंद, दिवे निवडक, आणि बॅटरी निम्म्याखाली जाऊ न देणं हाच उपाय. पाऊस लागण्याआधी तारांची टोकं, उंदरांनी कुरतडलेल्या जागा, कंट्रोलरच्या पेटीतली मुंग्यांची आणि गांधीलमाश्यांची घरं साफ करून घ्या.

आणि नवा संच घेणार असाल तर जागा आणि अंतर आधी ठरवा. प्लेट लांब ठेवावीच लागली तर जाड तार घ्या, किंवा चोवीस व्होल्टचा संच घ्या. तेवढीच वीज चोवीस व्होल्टवर नेली तर धारा निम्मी होते आणि त्याच तारेतली नासाडी चौथाईवर येते. सरकारी योजनेतला संच असेल तर देखभालीची मुदत कधी संपते ते कागदावर पाहून ठेवा आणि मुदतीत तक्रार लेखी द्या.

चांगला मीटर पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. गावात चार-पाच घरांनी मिळून एक घेतला तरी पुरे, दहावी-बारावीची मुलं तो एका दुपारी शिकतात. बॅटरी बदलायची वेळ आली असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडून चार आकडे बिलाच्या मागे लिहून घ्या: चालू स्थितीत प्लेटेपाशी किती व्होल्ट, कंट्रोलरपाशी किती, किती ॲम्पिअर वाहतात, आणि सहा खान्यांची ग्रॅव्हिटी किती. जो हे आकडे लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.