लहान मुलांना होणारी कीटकनाशकांची विषबाधा : ओळख व उपचार

खेडोपाडी ‘औषध’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. आजाऱ्याला द्यावयाचे ते औषध आणि कपाशीवर फवारावयाचे तेही औषधच. तीन-चार वर्षांच्या मुलास हा भेद कळत नाही. उरलेले औषध शरबताच्या बाटलीत ओतून फडताळात ठेवण्याची रीत म्हणूनच अत्यंत घातक होय. बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील मध्यान्ह भोजनानंतर २३ बालके दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते.

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस ही एकाच वर्गातील विषे आहेत. ती पोटातून, श्वासातून, तसेच कातडीतूनही शरीरात शिरतात. मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्र अधिक असल्याने फवारणीचे ओले कपडे अंगाशी आले तरी त्यास बाधा होऊ शकते.

प्रौढ माणसास घाम सुटतो, लाळ गळते, उलट्या व जुलाब होतात, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत घरघर लागते आणि स्नायू फडफडतात. मुलांत ही सर्व चिन्हे दिसतीलच असे नाही. पुष्कळदा मूल एकाएकी मलूल होते, अंग सैल सोडते, त्यास आकडी येते किंवा ते बेशुद्ध पडते. घरची माणसे ही फेफऱ्याची व्यथा समजतात, कोणी दृष्ट काढीत बसतात, आणि मोलाचा वेळ जातो. धडधाकट मुलास अचानक असे झाले, तर ग्रामसेवकाने प्रथम एवढेच विचारावे : घरात किंवा शेतात आज औषध काढले होते काय? बाहुल्या पाहाव्यात, तोंडाचा व कपड्यांचा वास घ्यावा.

संशय येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून मुलाचे सर्व कपडे काढावेत; अंग, केस व नखे साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावीत. डोळ्यांत औषध गेले असल्यास ते पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. दूध, तूप, ताक काहीही देऊ नये. पुष्कळ औषधांत रॉकेलसारखे द्रावक असते. ओकताना ते फुप्फुसात गेल्यास दुसरेच संकट ओढवते. मुलास डाव्या कुशीवर निजवून तोंडातील लाळ पुसावी. औषधाचा डबा लेबलासह रुग्णालयात न्यावा.

तेथे डॉक्टर ॲट्रोपिन शिरेतून देतात. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, आणि छातीतील स्राव आटेपर्यंत ती दर काही मिनिटांनी वाढवीत नेतात. या औषधाने मुलाचे तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, क्वचित ते बरळतेही. नातेवाइकांनी घाबरून उपचार थांबविण्याचा आग्रह धरू नये.

मूल शुद्धीवर येऊन बोलू लागले की त्यास घरी नेण्याची घाई होते. ती करू नये. विष पोटात गेल्यापासून एक ते चार दिवसांच्या अवधीत काही रोग्यांची मान व श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे होतात. उशीवरून डोके उचलता न येणे हे त्याचे पहिले चिन्ह असते. ते दिसताच, रात्र असली तरी, डॉक्टरांस उठवावे.