शंका-समाधान : जानवशातल्या पाहुण्यांना कुठे न्यावं?

शंका : माघात मुलीचं लग्न आहे, जालन्यातच. मुंबई-पुण्याचे पन्नासेक पाहुणे आदल्या दिवशी पहाटे उतरतील, हळद संध्याकाळी. जावईबापूंच्या आतेभावाचं लग्न ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर झालं, तिथं वऱ्हाडाला बोटीतून फिरवलं म्हणे. आम्ही काय दाखवणार? वेरूळ-अजिंठा एका दिवसात उरकेल का?
– वधूची आई, जालना

समाधान : ताई, उरकायचंच म्हटलं तर उरकेल, पण हळदीला निम्मे पाहुणे पेंगत बसतील. शिवाय अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. ते लग्नानंतर ज्याचं त्याला करू द्या.

आदल्या दिवशी भोकरदनचा रस्ता धरा. सकाळी लवकर निघून आधी राजूरचा गणपती. तारीख तेवढी पंचांगात बघा. चतुर्थी असेल, त्यातून अंगारकी, तर गाड्या गर्दीतच अडकतील.

पुढे भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर इथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. 1938 साली इटलीतल्या पाँपेईच्या राखेखालून एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी मिळताजुळता मूर्तीचा तुकडा पुढे भोकरदनच्या उत्खननात सापडला. त्यामुळे पाँपेईची मूर्ती इथूनच गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. भूमध्य समुद्राशी आपलं नातं सँटोरिनीच्या लग्नाहून बरंच जुनं आहे, हे त्या आतेभावाला जरूर ऐकवा! केळणा नदीकाठची लेणी लहान आहेत, अर्ध्या तासात पाहून होतात.

वेळ उरला तर असईला जा. 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई इथं झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. वाटाडे म्हणाले, केळणेला उतार नाही. त्याला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एवढी जवळची गावं म्हणजे येण्याजाण्याची वाट असणारच, हे त्यानं ताडलं आणि तिथूनच फौज पार नेली. हे नदीकाठी उभं राहून सांगणारा कोणी बरोबर द्या, नाहीतर पाहुण्यांना नुसतं शेत दिसेल. दुपारी तीनपर्यंत गाड्या लग्नघरी परतल्या पाहिजेत.

शंका : वऱ्हाडात वयस्कर मंडळी बरीच. त्यांना जानवशातच बसवून ठेवायचं का?
– वराचे मामा, अंबड

समाधान : मुळीच नको. तुमची मत्स्योदरी देवी टेकडीवर, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना आग्रह करू नका. जुन्या जालन्यातलं आनंदी स्वामींचं मंदिर त्यांना सोयीचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजाला न्या. जिजाऊंचं जन्मस्थान तासाभरावर आहे. 12 जानेवारीला मात्र तिथं जयंतीची अफाट गर्दी असते. तरुणांना तसंच पुढे लोणारला जाऊ द्या. सरोवरापर्यंत उतरणं सोपं, चढून येताना दम लागतो. थोरांनी काठावरून पाहावं आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर बघावं.

शंका : मुलांना देवळं नकोत, लेणी नकोत. मोबाइल सोडून करण्यासारखं काही आहे?
– वराची बहीण, पुणे

समाधान : हुरडा! माघात ज्वारी हुरड्यात असलेलं शेत लग्नघरच्या नात्यागोत्यात मिळेलच. आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे गोवऱ्यांची आगटी तयार राहील. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातांवर चोळायचं, फुंकर मारून कूस उडवायचं आणि हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. पहिलं कणीस मुलांनाच चोळू द्या. हात पोळतो, पण मोबाइल आपोआप खिशात जातो. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा बाग फळांवर असेल तर तीही दाखवा. आगटीची राख उडते, म्हणून हळदीचे कपडे घालून कोणी शेतात जाऊ नये.