बायोलॉजी घेतलंय? गणित सोडू नका

करंजाच्या धक्क्यावर बोट लागली की मासळी निवडणाऱ्या आजीशेजारी नात येऊन बसते. मांदेली कुठली, वाकटी कुठली, याचे नियम तिला कुणी पाठ करायला लावत नाही. टोपल्यांमागून टोपल्या हाताखालून गेल्या की नजर आपोआप बसते. संगणकाचं मशीन लर्निंगही असंच, उदाहरणांवरून शिकतं.

‘नीट नाही लागली तर बायोलॉजीचं काय करायचं?’ असं घाबरून विचारणाऱ्या पालकांना, बायोलॉजी आणि गणित एकत्र कुठे लागतात ते सांगायला, मी खारघरकडे बोट दाखवते. टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, तिथेच आहे. टाटा मेमोरियलच्याच शरयू म्हात्रे, राजेश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली पित्ताशयाच्या कॅन्सरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या टप्प्यात १,०४२ रुग्णांची जनुकं हा आजार नसलेल्या १,७०९ जणांशी ताडून पाहिली. सातव्या गुणसूत्रावरचा, एबीसीबी१ आणि एबीसीबी४ ही जनुकं असलेला भाग धोक्याशी जोडलेला निघाला.

ते काम संख्याशास्त्राचं. मशीन लर्निंग पुढची पायरी चढतं, जनुकांमधले हजारो बदल एकत्र तोलतं. फसगतही इथेच होते. हा कॅन्सर गंगेच्या खोऱ्यात जास्त. समजा, रुग्ण बिहारचे घेतले आणि निरोगी माणसं रायगडची, तर संगणक कॅन्सरऐवजी माणसाचा मुलूख ओळखायला शिकेल आणि वर पैकीच्या पैकी गुण मिळवून दाखवेल! ही चूक पकडायला बायोलॉजीही लागते आणि गणितही. युरोपातल्या माणसांवर शिकवलेली मॉडेल्स आपल्याकडे तितकी नेमकी ठरत नाहीत, म्हणून इथली मुलं या कामात हवीत असं मला कळकळीने वाटतं.

अकरावीला दोन्ही विषय ठेवा. पुढे बीएस्सी संख्याशास्त्रातून किंवा जीवशास्त्रातून, जोडीला पायथन आणि आर या संगणकाच्या भाषा. पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मेटिक्स सेंटर आणि आयसर हे चांगले रस्ते. पालकांनी एक गोष्ट आधीच मनाशी धरावी: पीएचडी होईपर्यंत वयाची सत्ताविशी-अठ्ठाविशी येते. त्या काळात नेट परीक्षेतून मिळणारी ज्युनिअर फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. घरून पैसे मागावे लागू नयेत इतकी.

कोडिंग नको वाटणाऱ्या मुलीला जेनेटिक काउन्सेलिंग आहे. जनुक तपासणीचा अहवाल हातात घेऊन आलेल्या कुटुंबाला समोर बसवायचं आणि त्यांच्या बोलीत समजवायचं की धोका जास्त म्हणजे आजार ठरलेला नव्हे, तपासणी कधीपासून करायची, आणि बहिणीलाही का बोलवायचं.