कितवा नंबर? – आर.ई.एम. बँडच्या पंधरा अल्बमवरून क्रमांक वाचायला शिकूया



आजचा पाठ गणिताचा आहे. घटक नेहमीचाच – तक्ता वाचणे आणि त्यावरून आलेख काढणे. पण तक्ता मात्र पावसाचा, धान्याचा किंवा वर्गातल्या आवडत्या फळांचा नाही. तो आहे आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडच्या अल्बमचा. हा तक्ता निवडण्याचं कारण एकच. क्रमांकाबद्दल मुलांचे (आणि खरं सांगायचं तर आपल्या मोठ्यांचेही) जे गैरसमज असतात, ते जवळजवळ सगळे या एका तक्त्यात सापडतात. पाचवी ते सातवीच्या वर्गात दोन तासिकांत हा पाठ आरामात होतो.

बँडची ओळख

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं शहर आहे. (ग्रीसचं अथेन्स वेगळं. नकाशात दोन्ही दाखवा, मुलांना गंमत वाटते.) तिथे १९८० साली चार तरुण एकत्र आले. मायकल स्टाइप गायचा, पीटर बक गिटार वाजवायचा, माइक मिल्सकडे बेस गिटार आणि बिल बेरीकडे ड्रम. बक एका रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि स्टाइप तिथे गिऱ्हाईक म्हणून यायचा, तिथूनच ओळख वाढली. ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या चर्चच्या इमारतीत, मैत्रिणीच्या वाढदिवसाला त्यांनी पहिला कार्यक्रम केला. गाणं मुळात कुणीही सुचवलेलं असो, रचनाकार म्हणून चौघांचीही नावं सारखीच लावायची, असा त्यांचा नियम होता. गटकार्य शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा.

त्यांच्या संगीताला ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणजे पर्यायी रॉक म्हणतात. पर्याय कशाला? तर मोठ्या कंपन्या आणि मोठी रेडिओ केंद्रं जे वाजवत होती त्याला. लहान कंपन्यांनी काढलेल्या रेकॉर्ड आणि कॉलेजच्या मुलांनी चालवलेली रेडिओ केंद्रं, यांच्या जोरावर हे बँड वाढले. आर.ई.एम.चं पहिलं गाणं ‘रेडिओ फ्री युरोप’ १९८१ मध्ये अशाच एका छोट्या कंपनीने काढलं.

चार्ट म्हणजे काय?

अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ नावाचं साप्ताहिक निघत असे. आजही त्याच्या याद्या प्रसिद्ध होतात. त्यात दर आठवड्याला सर्वांत जास्त खपणाऱ्या २०० अल्बमची यादी आणि १०० गाण्यांची वेगळी यादी असते. एखादा अल्बम ज्या सर्वांत वरच्या जागेपर्यंत पोहोचला, तो त्याचा सर्वोच्च क्रमांक. आता हा तक्ता फळ्यावर लिहा.

वर्ष – अल्बम – अमेरिकेतील सर्वोच्च क्रमांक
१९८३ – मर्मर – ३६
१९८४ – रेकनिंग – २७
१९८५ – फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन – २८
१९८६ – लाइफ्स रिच पेजंट – २१
१९८७ – डॉक्युमेंट – १०
१९८८ – ग्रीन – १२
१९९१ – आउट ऑफ टाइम – १
१९९२ – ऑटोमॅटिक फॉर द पीपल – २
१९९४ – मॉन्स्टर – १
१९९६ – न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय – २
१९९८ – अप – ३
२००१ – रिव्हील – ६
२००४ – अराउंड द सन – १३
२००८ – ॲक्सेलरेट – २
२०११ – कोलॅप्स इंटू नाऊ – ५

सप्टेंबर २०११ मध्ये बँडने काम थांबवल्याचं जाहीर केलं. म्हणजे ही नोंद पूर्ण झालेली आहे, यात आता नवी ओळ येणार नाही. आता एकेक गोष्ट बघू.

१) लहान आकडा, वरची जागा

मुलांना स्तंभालेख काढायला सांगा आणि काहीही सुचवू नका. बहुतेक वहीत ‘मर्मर’चा स्तंभ सगळ्यात उंच येईल आणि ‘आउट ऑफ टाइम’चा जेमतेम एक रेघ. मग विचारा, “यातला सगळ्यात जास्त यश मिळालेला अल्बम कोणता दिसतोय?” चित्र आणि अर्थ उलटे झाले हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं. इथे समजवायचं ते असं: ३६ ही संख्या आहे, पण ३६वा ही जागा आहे. जागांची बेरीज-वजाबाकी करून काही मिळत नाही. आलेख काढायचाच तर उभ्या अक्षावर १ सगळ्यात वर लिहा, बिंदू द्या आणि रेषेने जोडा.

२) क्रमांक खाली, विक्री वर

‘डॉक्युमेंट’ दहावा आणि पुढच्या वर्षीचा ‘ग्रीन’ बारावा. नुसता तक्ता बघून कुणीही म्हणेल, घसरले. प्रत्यक्षात अमेरिकेत ‘डॉक्युमेंट’ला प्लॅटिनम मान मिळाला, म्हणजे दहा लाख प्रती. ‘ग्रीन’ला दुहेरी प्लॅटिनम, म्हणजे वीस लाख. क्रमांक दोनने खाली आणि प्रती दुप्पट! असं कसं? सर्वोच्च क्रमांक हा एखाद्या चांगल्या आठवड्याचा असतो. एखादा अल्बम एका आठवड्यात उसळी मारतो, दुसरा बरेच महिने शांतपणे खपत राहतो. ‘आउट ऑफ टाइम’ पहिल्या जागेवर फक्त दोन आठवडे होता, पण यादीत होता १०९ आठवडे. दोन्ही आकडे खरे आहेत. एक उंची सांगतो, दुसरा टिकाव.

३) तीच गाणी, दोन देश, दोन क्रमांक

२००४ चा ‘अराउंड द सन’ अमेरिकेत तेरावा. तोच अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिला! एकही सूर बदललेला नाही, बदलले ते विकत घेणारे आणि त्या यादीतले बाकीचे अल्बम. ब्रिटनमध्ये या बँडचे सात स्टुडिओ अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले, अमेरिकेत दोनच. आणखी गंमत म्हणजे, ब्रिटनमध्ये पहिल्या आलेल्या या अल्बमबद्दल खुद्द बँडच्या सदस्यांनीच नंतर नाराजी बोलून दाखवली. उलट अमेरिकेत दुसरा आलेला ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ हा अनेक समीक्षक त्यांचं सर्वोत्तम काम मानतात. तेव्हा कुणी क्रमांक सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा – कोणत्या यादीत?

४) रिकामी जागा म्हणजे शून्य नाही

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘ग्रीन’मधलं ‘ऑरेंज क्रश’ हे गाणं रॉक रेडिओवर किती वाजतंय हे मोजणाऱ्या यादीत पहिलं आलं. पर्यायी रॉकसाठी बिलबोर्डने १९८८ मध्ये नवीच यादी सुरू केली होती, तिथेही पहिलं, आणि तेही आठ आठवडे. पण १०० गाण्यांच्या मुख्य यादीच्या रकान्यात काय आहे? नुसती आडवी रेघ. कारण अमेरिकेत हे गाणं सुटं सिंगल म्हणून विक्रीला काढलंच नव्हतं आणि त्या काळी तसं काढल्याशिवाय त्या यादीत प्रवेश नसे. म्हणजे गाणं हरलं नव्हतं, ते त्या स्पर्धेत उतरलंच नव्हतं. मुलांना आपल्या हजेरीपटाचं उदाहरण द्या. परीक्षेला गैरहजर आणि परीक्षेत शून्य, या दोन गोष्टी एक आहेत का?

५) मोजण्याची पद्धत बदलली तर?

१९९१ पर्यंत बिलबोर्ड दुकानांकडून माहिती मागवत असे. कोणता अल्बम जास्त जातोय हे दुकानदार सांगायचे, त्यात अंदाजही असायचा. २५ मे १९९१ च्या अंकापासून अल्बमची यादी बारकोडवर आली. गल्ल्यावर प्रत्यक्ष जितक्या प्रती स्कॅन झाल्या, तितक्याच मोजल्या जाऊ लागल्या. कंट्री आणि रॅप संगीताचे अल्बम आधीच्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त खपतात हे तेव्हा यादीत दिसू लागलं. ऐकणारे लोक एका रात्रीत बदलले नव्हते, मोजपट्टी बदलली होती. ‘आउट ऑफ टाइम’ची गोष्ट इथे फार बोलकी आहे. १८ मेच्या यादीत, म्हणजे जुन्या पद्धतीने, तो पहिला होता. २५ मेला खाली आला आणि १ जूनला नव्या पद्धतीनेही पुन्हा पहिला आला.

याच अल्बममधलं ‘लुझिंग माय रिलिजन’ हे गाणं मँडोलिनवर सुरू होतं. पीटर बक तेव्हा मँडोलिन वाजवायला शिकत होता आणि त्या सरावातच ही धून सापडली. या गाण्याचा व्हिडिओ जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी दिग्दर्शित केला. मुख्य यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. तेच बँडचं सर्वांत वर गेलेलं गाणं. गाण्यांच्या त्या यादीत पहिला नंबर त्यांना ३१ वर्षांत एकदाही मिळाला नाही. वर्गात सुरुवातीची मँडोलिन जरूर ऐकवा.

६) काही कामांना वेळ लागतो

आता परत पहिल्या ओळीकडे या. ‘मर्मर’, क्रमांक ३६. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ जगभर तुफान खपत होता. तरी ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ची निवड केली. पाच लाख प्रतींचा गोल्ड मान त्याला मिळाला तो १९९१ मध्ये, आठ वर्षांनी. आणि ‘रेडिओ फ्री युरोप’? त्याची १९८३ ची आवृत्ती जेमतेम ७८व्या जागेवर पोहोचली होती. १९८१ च्या मूळ ध्वनिमुद्रणाला मात्र अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २००९ च्या यादीत जागा दिली.

७) आलेख घसरण दाखवतो, कारण नाही

१९९८ ते २००४ चे क्रमांक बघा – ३, ६, १३. काय झालं असेल? मार्च १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कार्यक्रमात बिल बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो वाचला, पण १९९७ मध्ये त्याने बँड सोडला. पुढचे अल्बम उरलेल्या तिघांनी केले. घसरण यामुळेच झाली का? तक्ता ते सांगू शकत नाही. त्या काळात ऐकणाऱ्यांची आवडही बदलत होती. आणि २००८ मध्ये तेच तिघे पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर आले. “कशामुळे झालं?” हे विचारायला तक्त्याच्या बाहेर जावं लागतं, माणसांशी बोलावं लागतं.

पालकांसाठी दोन शब्द

निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न कोणता? “कितवा आला?” मूल चौथ्यावरून सहाव्यावर गेलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. त्याचे गुण कदाचित वाढलेले असतात, पण ते कुणी बघत नाही. या पाठातले प्रश्न इथे जसेच्या तसे लागू होतात. कोणत्या यादीत कितवा? वीस मुलांच्या वर्गात की साठच्या? मोजलं काय – पाठांतर, समज की हस्ताक्षर? ज्या गोष्टीची परीक्षाच घेतली नाही, म्हणजे गाणं, दुरुस्तीची हातोटी, लहान भावंडाला सांभाळणं, तिथे आपण रेघ वाचतोय की शून्य? आणि घसरण दिसली तर कारण विचारलं का, की नुसता आकडाच सुनावला?

क्रमांक वाईट असतो असं मी म्हणत नाही. आर.ई.एम.ला पहिला नंबर मिळाल्यावर आनंदच झाला असेल. पण पहिले चार अल्बम ३६, २७, २८, २१ अशा जागांवर असताना त्यांनी दर वर्षी पुढचा अल्बम केला. कुणीतरी त्यांना तेवढा वेळ दिला. आपल्या मुलांना तो आपणच द्यायचा आहे.

स्वाध्याय

१. अमेरिकेत पहिल्या दहांत आलेले अल्बम किती? (उत्तर: ९)
२. सलग सहा वर्षे दर वर्षी एक अल्बम आला, ती वर्षे कोणती? (उत्तर: १९८३ ते १९८८)
३. दोन अल्बममधलं सर्वांत मोठं अंतर किती वर्षांचं? (उत्तर: ४, २००४ ते २००८)
४. १ सगळ्यात वर ठेवून रेषालेख काढा. त्यावरून काय कळतं आणि काय कळत नाही, याची प्रत्येकी दोन वाक्यं लिहा.
५. घरी विचारून या: आजीच्या किंवा आजोबांच्या आवडीचं असं एखादं गाणं, जे त्यांच्या मते कुठल्याच यादीत आलं नाही. ते वर्गात म्हणून दाखवा.

पाठ घेतलात तर चौथ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. ‘काय कळत नाही’ हे ज्या मुलाला नेमकं लिहिता आलं, त्याला तक्ता वाचता आला असं समजायला हरकत नाही.