कॉन्स्टंटाईनचे दानपत्र : एका बनावट दस्तऐवजाची पारख

शास्त्रवाचन : दानीएल ६:१; १ थेस्स. ५:२१; २ थेस्स. २:१-२ व ३:१७



मध्ययुगीन युरोपचा इतिहास आपल्यापासून फार दूरचा वाटतो. तेथील राजे, पोप, मठ आणि धर्मयुद्धे यांच्याशी भारतातील ख्रिस्ती माणसाचे काय नाते, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि त्या इतिहासाच्या अभ्यासातून एक प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो आणि तो आजही सुटलेला नाही. मंडळीने पूज्य मानलेला एखादा कागद तपासून पाहणे ही अश्रद्धा आहे काय? या प्रश्नाचा विचार आपण एकाच दस्तऐवजाच्या आधारे करू या.

१. दानपत्रातील मजकूर

‘कॉन्स्टंटाईनचे दानपत्र’ या नावाने ओळखला जाणारा हा लॅटिन दस्तऐवज रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन याने स्वतः लिहून दिला, असे त्यातच म्हटले आहे. सम्राटास कुष्ठरोग जडला होता. पोप सिल्वेस्टर (इ. स. ३१४ ते ३३५) यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेताच तो बरा झाला. कृतज्ञतेपोटी त्याने लॅटरन राजवाडा, रोम शहर, इटली आणि पश्चिमेकडील प्रांत पोपच्या स्वाधीन केले, राजचिन्हेही दिली आणि आपली राजधानी पूर्वेस बिझँटियम येथे हलविण्याचे ठरविले, असा त्याचा आशय आहे.

यातील काहीही चौथ्या शतकात लिहिले गेलेले नाही. बहुतेक अभ्यासक हा दस्तऐवज आठव्या शतकातील मानतात. इ. स. ७५४ ते ७५६ या काळात फ्रँकांचा राजा पेपिन याने इटलीतील जिंकलेला प्रदेश पोपना दिला आणि पोपच्या राज्याचा पाया घातला गेला. त्या काळाशी या कागदाचा संबंध जोडला जातो. जर्मन इतिहासकार योहान्नेस फ्रीड यांनी मात्र २००७ साली निराळे मत मांडले. त्यांच्या मते तो नवव्या शतकात फ्रँक राज्यातील मठांत रचला गेला.

२. दानपत्राचा उपयोग

कागद खोटा असला तरी त्याचे परिणाम खरे होते. अकराव्या शतकाच्या मध्यास पोप लिओ नववे यांनी कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क मायकेल सेरुलॅरिअस यांना पाठविलेल्या पत्रात या दानपत्राचा आधार घेतला. १०५४ साली पूर्व व पश्चिम मंडळ्यांमध्ये जी फूट पडली, तिच्या पूर्वीचा हा वाद होय. पुढे बाराव्या शतकातील ग्रेशियनच्या धर्मकायद्याच्या संग्रहातही हा मजकूर समाविष्ट झाला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मध्ययुगातील सर्वच लोक भाबडे होते, असे नाही. सम्राट ओटो तिसरा याने १००१ साली हे दानपत्र बनावट असल्याचे उघडपणे म्हटले होते. कवी दांते याने त्याचा खरेपणा मान्य केला, परंतु त्या दानाने मंडळीचे भले झाले नाही अशी खंत व्यक्त केली. १४३३ साली कूसाचे निकोलस यांनी प्राचीन ग्रंथांत या दानाचा उल्लेख सापडत नाही हे दाखवून शंका उपस्थित केली. निकोलस पुढे कार्डिनल झाले.

३. लोरेन्झो वाल्ला यांची तपासणी

१४४० साली इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्ला यांनी या दानपत्रावर एक प्रखर निबंध लिहिला. त्यांच्या मुद्द्यांपैकी तीन आपण पाहू.

पहिला मुद्दा शब्दांचा. दानपत्रात रोमन सम्राटाच्या अधिकाऱ्यांमध्ये ‘सत्रप’ येतात. हा शब्द मूळचा इराणी. दारयावेशाने राज्यावर नेमलेल्या १२० अधिकाऱ्यांसाठी दानीएलाच्या पुस्तकात मूळ अरामी भाषेत तोच शब्द आला आहे. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत नहपानाला लावलेले ‘क्षत्रप’ हे बिरुदही त्याच मुळापासून आलेले आहे. इराणी दरबारात तो शब्द शोभतो. चौथ्या शतकातील रोमन राजाज्ञेत तो कोठून आला? शिवकालीन म्हणून दाखविलेल्या पत्रात ‘कलेक्टरसाहेब’ असा उल्लेख आढळला, तर आपल्याला जी शंका येईल तीच वाल्लांना आली.

दुसरा मुद्दा विसंगतीचा. दानपत्रात एके ठिकाणी कॉन्स्टँटिनोपल हे मंडळीचे एक प्रमुख पीठ म्हणून गणले आहे. पुढे त्याच कागदात सम्राट म्हणतो की, बिझँटियम येथे आपण आपल्या नावाचे नगर वसविणार आहोत. जे नगर अजून वसलेच नाही, तेथे पीठ कसे असेल? त्या नगराचे अर्पण ३३० साली झाले.

तिसरा मुद्दा साक्षीचा. एवढे मोठे राज्य हस्तांतरित झाले असते, तर त्या काळच्या इतिहासकारांनी ते नोंदविले असते. प्रत्यक्षात त्यानंतरही पश्चिमेत सम्राटच राज्य करीत राहिले. खुद्द बाप्तिस्म्याची कथाही टिकत नाही. कॉन्स्टंटाईनचा समकालीन इतिहासकार युसेबियस याच्या वृत्तांतानुसार सम्राटाने ३३७ साली मृत्यूपूर्वी निकोमेडियाजवळ बाप्तिस्मा घेतला. सिल्वेस्टर त्याआधीच निवर्तले होते.

४. तपासणाऱ्याचा हेतू

वाल्ला निःस्वार्थी होते काय? ते अरागॉनचा राजा अल्फोन्सो याच्या सेवेत होते. नेपल्सच्या गादीवरून या राजाचा पोप युजिन चौथे यांच्याशी संघर्ष चालू होता. तेव्हा या निबंधास राजकीय धार होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘सत्रप’ शब्दाविषयीचा पुरावा लेखकाच्या हेतूवर अवलंबून नाही. तो कोणीही पडताळून पाहू शकतो. इंग्लंडमधील बिशप रेजिनल्ड पीकॉक हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास पोहोचले.

पुढे पोप निकोलस पाचवे यांनी वाल्लांना रोममध्ये नोकरी दिली. त्यांचे दफनही लॅटरन महामंदिरात झाले. निबंध मात्र थांबला नाही. तो छापला गेला आणि १५२० साली मार्टिन ल्यूथर यांच्या हाती पडला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक इतिहासकार कार्डिनल बॅरोनिअस यांनीही दानपत्र बनावट असल्याचे मान्य केले.

आम्हा भाषांतरकारांवर वाल्लांचे आणखी एक ऋण आहे. त्यांनी लॅटिन नवा करार ग्रीक हस्तलिखितांशी ताडून टिपणे लिहिली होती. १५०४ साली लूव्हेनजवळच्या एका मठात ती इरॅस्मस यांना सापडली आणि १५०५ मध्ये त्यांनी ती छापली. इरॅस्मस यांचा ग्रीक नवा करार १५१६ साली प्रसिद्ध झाला व त्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरून ल्यूथर यांनी जर्मन भाषांतर केले. ज्या दृष्टीने खोटे दानपत्र उघडे पडले, त्याच दृष्टीने पवित्र शास्त्राचे शब्द अधिक स्पष्ट झाले.

५. खोट्या कागदाचीही साक्ष

मध्ययुगात मठांतून अनेक बनावट सनदा तयार झाल्या. पिढ्यान्पिढ्या वहिवाटीने कसलेल्या जमिनीवर वाद उद्भवे, लेखी पुरावा मागितला जाई, आणि जे आपलेच आहे असे वाटे त्याचा कागद मग लिहिला जाई. ही कृती समर्थनीय नाही. परंतु असा कागद ज्या काळात रचला गेला, त्या काळातील लोकांना कशाचे भय होते आणि काय हवे होते, हे तो सांगतो. म्हणून इतिहासकार बनावट कागद फेकून देत नाहीत. तो खरोखर कोणत्या काळाचा आहे, हे ते ठरवितात.

ही विद्या शास्त्रशुद्ध कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. १६७५ साली जेझुइट विद्वान डॅनिएल पापेब्रोख यांनी फ्रान्समधील मठांच्या जुन्या सनदांविषयी तीव्र संशय व्यक्त केला. त्यात बेनेडिक्टाईन मठांचा मान गुंतलेला होता. त्या संघातील संन्यासी झाँ माबियाँ यांनी उत्तरादाखल भांडण केले नाही. कातडी पत्र, अक्षरवळण, मुद्रा, भाषा व तारीख लिहिण्याची पद्धत यांवरून सनद कशी पारखावी, याचे नियम त्यांनी १६८१ साली ग्रंथरूपाने मांडले. तो ग्रंथ वाचून पापेब्रोख यांनी पत्राने आपली चूक कबूल केली व माबियाँ यांचे कौतुक केले. दोघेही मंडळीचे सेवक होते आणि दोघांनाही आपल्या पक्षापेक्षा सत्य प्रिय होते.

६. आपल्यासाठी बोध

प्रेषित पौलाच्या हयातीतच त्याच्या नावाने खोटी पत्रे फिरण्याचा धोका होता. म्हणून तो थेस्सलनीकाकरांना अशा पत्राने डळमळू नका असे बजावतो व आपल्या हस्ताक्षराची खूण देतो. सर्व गोष्टींची पारख करावी असेही तोच शिकवितो. पारख करणे हे विश्वासाच्या आज्ञापालनाचेच अंग आहे.

आपल्या मंडळ्यांच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिका, संतांच्या कथा, आजकाल हातोहाती फिरणारे चमत्कारांचे संदेश, हे सारे आपण कसे वाचतो? आपल्या बाजूचे आहे म्हणून ते खरे ठरत नाही. कॉन्स्टंटाईनचे दानपत्र गळून पडले, १८७० साली पोपचे राज्यही गेले. ख्रिस्ताची सुवार्ता मात्र त्या कागदावर कधीच उभी नव्हती.

मननासाठी प्रश्न

१) आपल्या मंडळीच्या इतिहासातील कोणती गोष्ट आपण केवळ ऐकीव माहितीवर सांगत आलो आहोत? तिचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कोठे आहे?

२) विरोधकाने दाखविलेला पुरावा खरा निघाला, तर तो स्वीकारण्याची आपली तयारी आहे काय?

३) पापेब्रोख यांच्याप्रमाणे आपले म्हणणे मागे घेण्यास आपल्याला काय आड येते?