तो जोड का बदललास?

बालीगंज, कोलकाता

चि. मुक्ता,

रविवारी ताईचा फोन आला. कौतुकानं सांगत होती, ‘मुक्तानं लाल आलेला रिपोर्ट एका रात्रीत हिरवा केला, साहेब खूश आहेत.’ कसा केला विचारलं, तर म्हणे कसलासा जोड बदलला. तेव्हापासून माझं लक्ष कशात नाही. जोड बदललास तो का बदललास?

तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. संगणकातल्या मॉडेलमध्ये आरबीई-2 हा ताठ जोड लावलास की एका नोडच्या हुकमावर बाकीचे सगळे चालतात. तुझ्या ब्रॅकेटवर बसणाऱ्या कॉम्प्रेसरचे चार पाय एकमेकांपासून केसभरही हलत नाहीत आणि खालचा पातळ पत्रा फुकटचा ताठ होतो. फ्रिक्वेन्सी चढते, रिपोर्ट पास. आरबीई-3 चं उलट. मधला नोड पायांच्या हालचालीची सरासरी घेतो, बळ वाटून देतो आणि स्वतःचा ताठपणा काहीच घालत नाही. म्हणजे कॉम्प्रेसरचं ओतीव अंग जणू नाहीच. नुसता वायरिंगचा भार असेल तर ते ठीक. तुझ्या ब्रॅकेटचं खरं उत्तर दोहोंच्या मधे कुठंतरी असणार. दोन्ही चालवून बघ. आकड्यांत फार फरक पडला तर ते अंगच मॉडेलमध्ये घ्यायला हवं, दुसरी पळवाट नाही. आणि नोडपासून फाकणाऱ्या या जोडाच्या, म्हणजे स्पायडरच्या, पायाशी दिसणाऱ्या ताणावर विसंबू नकोस.

लहानपणी हावडा पुलावर रस्त्यातली लोखंडी फट बघून तू थबकली होतीस, पूल तुटलाय म्हणून. मधला 172 मीटरचा गाळा दोन्हीकडच्या बाहूंवर टांगलेला आहे आणि लोखंडाला उन्हात वाढायला जागा लागते. 1943 पासून तो तसाच सरकतो आहे. तो सांधा कुणी ताठ धरला असता तर हिशेब सोपा झाला असता, पण तो दुसऱ्याच पुलाचा.

म्हणून पुन्हा विचारतो. पत्रा तसा वागतो म्हणून जोड बदललास, की हिरवं यावं म्हणून?

माझी एकदा साइटवर बदली होत होती. डोक्यावरचा पंखा सोडवेना, नाही म्हणालो. जन्मभर कागदावर बोल्ट काढले, पाना हातात धरला नाही. रिगवर ब्रॅकेट थरथरताना तडा वेल्डच्या कुठल्या टोकाला सुटतो, ते माझं बघायचं राहूनच गेलं. तू जा, टेस्टवाल्यांशी ओळख ठेव, त्यांच्याबरोबर चहा पी.

फार बोललो का? ताईला यातलं काही सांगितलेलं नाही; तिचं कौतुक तिच्यापाशी राहू दे. साहेबांपुढे दोन्ही आकडे ठेवायचा धीर होत नसेल तर आधी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी हल्ली जागाच असतो. डबा अर्धा परत येतो म्हणे, तसं करू नकोस.

गणपतीत ये. हाजरा रोडला महाराष्ट्र निवासात आरतीला जाऊ, तिकीट मी काढतो. लॅपटॉप आणलास तरी चालेल, मामी रागावेल तेवढंच.

तुझा
मामा